नीळ घातलेला पांढरा

प्रश्न : नमस्कार सर. मी सोलापूरची. बँकेत नोकरी करते आणि दोन वर्षांपासून दर रविवारी जलरंगाच्या क्लासला जाते. यंदा मे महिन्यात आमच्या गच्चीवर दुपारी वाळत घातलेल्या कपड्यांचं चित्र केलं. दोन पांढरे पंचे, एक चादर, बाबांचा सदरा, मागे चुना लावलेला कठडा आणि त्यामागे रंग उडालेलं आकाश. सगळं पांढरंच होतं आणि तेच मला आवडलं होतं. क्लासमधले सर म्हणाले, "डार्क कुठे आहेत? चित्र उठत नाहीये." ग्रुपवर फोटो टाकला तर एका मैत्रिणीनं विचारलं, अर्धवट आहे का? मग मी कठड्यामागे पेन्स ग्रे (निळसर गडद राखाडी) आणि तपकिरीचा गडद वॉश, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगाचा सपाट हात, दिला. आता कपडे उठून दिसतात, पण ऊन गेलं. फक्त फिकट छटांमध्ये चित्र करणं चुकीचं आहे का? नसेल, तर ते धुऊन गेल्यासारखं दिसू नये म्हणून काय करायचं? एखादा तरी डार्क हवाच का? आणि पेन्सिलीत असं काही जमतं का? सोबत मोबाईलवरचा मूळ फोटो आणि वॉश द्यायच्या आधीच्या चित्राचा फोटो पाठवते आहे.

उत्तर : "कपडे उठून दिसतात, पण ऊन गेलं" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. आपल्या चित्रातून नेमकं काय गेलं हे ज्याला सांगता येतं त्याला धीर देत बसायची गरज नसते, म्हणून थेट कामाचं बोलतो. फिकट छटांमध्ये चित्र करणं चुकीचं नाही. तुमचे सरही चुकलेले नाहीत. त्यांना दुखणं बरोबर दिसलं, औषध मात्र दुसऱ्या आजाराचं निघालं.

दुखणं असं की तुमच्या पहिल्या चित्रात पंचे, चादर, सदरा आणि कठडा हे सगळे एकाच पांढऱ्याचे आहेत. खरं तर तुम्ही ते रंगवलेलेच नाहीत. कडेनं निळसर रेघ ओढलीत आणि आत कागद कोरा सोडलात. आकाशही जवळजवळ कोरंच. पांढरी वस्तू म्हणजे कोरा कागद, हा समज माझाही बरीच वर्षं होता. पण पाच वस्तूंना एकच पांढरा दिला की डोळ्याला धरायला काही उरत नाही, मग माणूस म्हणतो "डार्क नाहीत", कारण त्याला एवढंच सांगता येतं. काळ्याची उणीव नव्हती हो. उजेडाउजेडातली अंतरं नव्हती.

गाणाऱ्यांची पट्टी तुम्हाला माहीत असेल. पेटीच्या पट्ट्यांवरून कुणी पांढरी एकमध्ये गातं, कुणी काळी चारमध्ये. सा वर नेला की सगळे सूर त्याच्याबरोबर वर जातात, पण सा आणि ग यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. चित्राचीही पट्टी असते. सगळ्या छटा उजेडाकडे सरकवल्या की चित्र वरच्या पट्टीतलं झालं. फोटो स्टुडिओवाले त्यालाच 'हाय की' म्हणतात. फक्त ही उपमा इथे संपते, कारण चित्रात वर छत आहे. कोऱ्या कागदापेक्षा पांढरं तुमच्याकडे काहीच नाही. त्यामुळे छटा वर सरकवल्या की त्या एकमेकींना खेटतात, एसटीत तिघांच्या बाकावर पाच जण बसावेत तशा. बसतात, पण प्रत्येकाला आपली जागा धरून बसावं लागतं. एकानं जरा अंग सैल सोडलं की शेजारचा उठलाच.

मग एवढा आटापिटा करायचा कशाला, असं तुमचे सर विचारतील. त्याचं उत्तर हिशेबाचं आहे आणि तुम्ही बँकेत आहात, तेव्हा तुम्हाला ते माझ्यापेक्षा लवकर कळेल. तुमच्या गच्चीवर मे महिन्याच्या दुपारी उन्हातली चुन्याची भिंत आणि जिन्याच्या दाराआडचा काळोख यांच्या उजेडात शेकडो पटींचा फरक असतो. चांगला पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ८० ते ८५ टक्के परत देतो, दाट काळा रंग चार-पाच टक्के. म्हणजे आपल्या हातात उणापुरा वीसपट फरक. एवढ्या पगारात घर चालवायचं. जिन्यातला काळोखही दाखवायचा म्हटलं की मोठा हप्ता तिकडे जातो आणि उन्हातल्या पाच-सहा वस्तूंना मिळून जेमतेम एक-दोन छटा उरतात. काळोखावरचा खर्च कापला, तर तीच रक्कम उजेडावर खर्च करता येते. तुम्हाला त्या दुपारी उजेडच आवडला होता, तेव्हा पैसे तिथेच घाला.

आता हात कसा चालवायचा ते.

चित्राच्याच कागदाची एक लांब पट्टी कापा आणि तिच्यावर नऊ चौकोन आखा. पहिला कोरा, नववा शक्य तितका काळा, मधले सात पायरीपायरीनं. हे तुम्ही क्लासमध्ये केलंच असेल. आता दुसरी पट्टी घ्या आणि तिच्यावर फक्त १ ते ४ एवढ्याच अंतरात सात चौकोन बसवा. एक, दीड, दोन, अडीच अशा अर्ध्या अर्ध्या पायऱ्या. पहिल्या खेपेला जमणार नाही. तिसरा आणि चौथा चौकोन सारखेच निघतील, पाचवा एकदम उडी मारेल. पाच-सहा पट्ट्या खराब केल्यावर ब्रशमध्ये पाणी किती आणि रंग किती हे हाताला समजायला लागतं. तुमचं अख्खं चित्र या दुसऱ्या पट्टीत होणार आहे, त्यामुळे हा वेळ फुकट जात नाही.

पट्टी वाळल्यावरच तपासा. जलरंग वाळला की उतरतो हे तुम्हाला ठाऊक आहे, पण गडद वॉशमध्ये ते फारसं जाचत नाही. फिकट वॉशमध्ये अडीचचा दीड होतो आणि दीडचा कागद. तुमच्या चित्रातल्या सदऱ्यावर पाहा, घड्यांमध्ये तुम्ही काहीतरी लावलं होतं, त्याचा पुसटसा माग दिसतो आहे. ओला असताना तो नक्की बरोबर दिसला असणार. म्हणून पहिला हात मनाला जरा जास्तच वाटेल एवढा लावा, पूर्ण वाळू द्या, आणि कमी पडला तर वरून दुसरा पारदर्शक हात द्या. सोलापुरात मे महिन्यात वाळायला किती वेळ लागतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरं, एक पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा घ्या आणि त्याला मधोमध पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा. गच्चीवर पुठ्ठ्यावर ऊन पडेल असा धरा आणि भोकातून चादरीची सावलीतली घडी बघा. तुम्ही जिला पांढरी समजत होता ती निळसर राखाडी निघेल. मग सदरा बघा, कठडा बघा, आकाश बघा. आपला मेंदू "ही चादर पांढरी आहे" हे आधीच ठरवून बसलेला असतो. भोकातून पाहताना त्याला ती चादर आहे हेच कळत नाही, म्हणून तो खरं बोलतो. माझा अंदाज असा : चादरीचा उन्हाकडचा भाग १, कठडा दीड, चादरीच्या घड्या अडीच. सदरा तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये आहे, म्हणजे ऊन त्याच्या पाठीवर पडतंय आणि कापडातून गाळून तुमच्याकडे येतंय, तो अडीच पण उबदार, थोडा सायीच्या रंगाकडे झुकणारा. जिथे कापड दुहेरी आहे, कॉलर, खिसा, काजपट्टी, तिथे साडेतीन. आणि आकाश? फोटोवरून सांगतो, तुमच्या कठड्याच्या वरचं आकाश निदान तीन आहे. उन्हातला चुना आकाशापेक्षा उजळ असतो यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही, भोकातून पाहिल्यावर बसतो.

हे लक्षात आलं की तुमच्या सरांची मागणी आपोआप पुरी होते. कपडे उठायला मागे गडद हवं होतं ना, ते तिथे होतंच. तीन नंबरचं, फिकट, उन्हानं भाजलेलं आकाश. तुम्ही तिथे आठ नंबर लावलात म्हणून ऊन गेलं, कारण आठ नंबरच्या पार्श्वभूमीपुढे पांढरे कपडे रात्री दिव्याखाली टांगल्यासारखे दिसतात.

मोबाईलच्या फोटोबद्दल एक गोष्ट, कारण निम्मं पाप त्याचं आहे. कॅमेरा आपणहून उजेड ठरवतो तेव्हा समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम राखाडी आहे असं गृहीत धरतो, साधारण १८ टक्के उजेड परत देणारा राखाडी. समोर सगळंच पांढरं असलं की तो त्यालाही राखाडीकडे ओढतो. नव्या फोनमध्ये थोडी हुशारी आली आहे, तरी ही खोड पूर्ण गेलेली नाही. तुमचा मूळ फोटो म्हणूनच ढगाळ दुपारसारखा वाटतो, आणि तुमच्या चित्राचा फोटो काढला तेव्हा पुन्हा तेच झालं. ग्रुपवर मैत्रिणीनं जे पाहिलं ते तुमचं चित्र नव्हतंच, त्याची मळकी प्रत होती. फिकट चित्राचा फोटो काढताना पडद्यावर बोट टेकवून उजेड वर सरकवायचा आणि कागद डोळ्याला दिसतो तसा दिसेपर्यंत थांबायचं. जमलं तर चित्र मात्र फोटोवरून करूच नका. गच्ची तुमचीच आहे.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. छटा खेटून बसल्या की गडद-उजळ या एकाच जोरावर वस्तू वेगळ्या करता येत नाहीत. तिथे दुसरी मदत लागते, आणि ती तुमच्या घरातच आहे : नीळ.

पांढरे कपडे धुतल्यावर शेवटच्या पाण्यात नीळ का घालतात? जुना सुती कपडा पिवळा पडतो, म्हणजे त्याच्यावरून परत येणाऱ्या उजेडात निळ्याचा वाटा कमी होतो. नीळ उरलेल्या उजेडातला पिवळा-तांबडा भाग थोडा खाऊन टाकते आणि तोल परत येतो. गंमत अशी की मोजायला गेलं तर नीळ घातलेला कपडा आधीपेक्षा किंचित कमीच उजेड परत देतो. मापात काळा, डोळ्याला पांढरा. (हल्लीच्या पावडरींमधली चमक वेगळ्या रसायनाची असते, ते प्रकरण निराळं.) आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण थंड छटेनं पांढरा पांढरा होतो हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. नीळ जास्त झाली की कपडा निळा दिसतो, तेही त्यांना माहीत होतं.

तुमच्या चित्रात हेच करायचं. चादरीची आकाशाकडे तोंड केलेली घडी आणि सदऱ्याचा उन्हात गाळलेला भाग, दोन्ही अडीच नंबरचे आहेत. गडदपणात फरक नाही. पण पहिली थंड आहे, दुसरा उबदार, आणि तेवढ्यावर डोळा त्यांना वेगळं ओळखतो. चादरीची खालची कड बघा, तिथे गच्चीच्या तापलेल्या फरशीवरून परतलेला उजेड पडतो. सावली असूनही ती वरच्या घडीपेक्षा उबदार असते. थंड सावलीसाठी कोबाल्ट ब्लू आणि त्यात नखभर बर्न्ट सिएना, भरपूर पाण्यात. उबदार भागाला यलो ऑकरचं नुसतं पाणी, त्यात गुलाबीचा एक थेंब. पेन्स ग्रे आणि काळा डबीतून काढूनच ठेवा. ते सगळ्या सावल्यांना एकाच तापमानावर आणतात. थॅलो ब्लूपासूनही जपून राहा, तो ब्रशच्या टोकावर राईएवढा आला तरी अडीचचा पाच करतो आणि पुसला जात नाही.

रंगांची एक अडचण मात्र समजून घ्या. पिवळा मुळात उजळ आहे, भरपूर लावला तरी वरच्याच पट्टीत राहतो. निळा मुळात गडद. त्याला दोन नंबरवर आणायचा तर पातळ करावाच लागतो आणि पातळ केला की त्याचा जोर ओसरतो. म्हणजे फिकट चित्रात पिवळ्याला पूर्ण आवाजात बोलता येतं आणि निळ्याला कुजबुजावं लागतं. नवशिके इथे फसतात. ऊन दाखवायचं म्हणून लेमन यलो ओततात आणि मग दुसरं काहीच ऐकू येत नाही. तुमच्या एका पंच्याला हळदीचा डाग आहे, फोटोत दिसतोय. जोराचा पिवळा तेवढाच ठेवा. आईंनी तो काढून टाकला नसेल तर.

समान उजेडाची ही जादू मोठ्या माणसांनी कशी वापरली ते बघायचं असेल तर फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं १८७२ चं 'इम्प्रेशन, सनराइज' मोबाईलवर उघडा आणि रंग काढून टाका. नारिंगी सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. त्याचा आणि भोवतालच्या राखाडी आकाशाचा उजेड इतका सारखा आहे. रंग परत आणला की तो पुन्हा पेटतो.

तुमच्या गच्चीच्या अधिक जवळचं चित्र मात्र मोनेचंच त्याआधीचं आहे. १८६८-६९ च्या हिवाळ्यात त्यानं नॉर्मंडीत एत्र्ताजवळ बर्फाचं एक मोठं चित्र केलं. बर्फ, बर्फानं लादलेलं कुंपण, मागे बर्फाचीच छपरं, आणि फाटकावर बसलेला एक काळा-पांढरा मॅगपाय पक्षी. कुंपणाची सावली बर्फावर पडली आहे आणि ती निळसर आहे. १८६९ च्या पॅरिसच्या सलोंनं, म्हणजे तिथल्या अधिकृत चित्रप्रदर्शनानं, ते परत केलं. आज ते तिथल्याच म्युझे दॉर्से या संग्रहालयात आहे. त्यात पांढरे किती आहेत ते एकदा निवांत मोजा. उन्हातलं पांढरं पिवळट, सावलीतलं निळं, दोन्हींच्या मधलं फिकं जांभळट. तुमच्या चादरीला लागणारी सगळी उत्तरं त्या कुंपणाच्या सावलीत आहेत.

पांढऱ्यापुढे पांढरं यासाठी जेम्स व्हिसलरची 'व्हाइट गर्ल' बघा. १८६२ साली पुरं झालेलं, माणसाच्या उंचीएवढं चित्र. पांढऱ्या पडद्यापुढे पांढऱ्या झग्यातली मुलगी. तेही सलोंनं नाकारलं आणि १८६३ मध्ये नाकारलेल्या चित्रांच्या प्रदर्शनात लागलं. पडदा आणि झगा यांच्यात छटेचा फरक थोडासाच आहे, पण कुठेही गोंधळ होत नाही. शिवाय तिचे तांबूस केस हा चित्रातला मोठा गडद ठिपका, चेहऱ्याशीच.

यावरून तुमचा तिसरा प्रश्न. एखादा डार्क हवाच का? नाही, हवाच असं नाही. इंग्रज चित्रकार टर्नरनं उतारवयात, १८४५ च्या सुमाराला, नॉरहॅमच्या किल्ल्याचं सूर्योदयाचं जे चित्र केलं त्यात किल्ला म्हणजे एक निळसर वाफ आहे, सूर्य पिवळी वाफ, आणि नदीत एक तांबूस गाय. काळं म्हणावं असं जवळपास काही नाही. त्याच्या हयातीत ते प्रदर्शनात लागलंच नाही, लोकांनी पाहिलं १९०६ मध्ये. पण पहिल्या खेपेला टर्नर व्हायला जाऊ नका, मोनेचा पक्षी बरा. एक छोटा गडद ठिपका चित्रात असला की बाकीचं सगळं किती उजळ आहे हे डोळ्याला मापता येतं. तुमच्या फोटोत चादरीवर एक गडद निळा चिमटा आहे. तुम्ही तो चित्रात गाळलात, बहुधा प्लास्टिकचा म्हणून. तोच तुमचा मॅगपाय. बोटाच्या पेराएवढा, ६ नंबरचा, एकच. दुसरा चिमटा ४ च्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर दोघं आपापसात बोलत बसतील आणि चादर राहील बाजूला. चित्रात कावळा मात्र बसवू नका, तो तिथे नव्हता.

आपल्याकडे "डार्क द्या" हे इतकं का ऐकू येतं? एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांपासून ती सवय लागते. स्थिरचित्रात तांब्या, कांदे, मागे पडदा, आणि ठळक छायाप्रकाश दिसला की परीक्षकाला बरं वाटतं. त्यामागे मुंबईच्या जे. जे. स्कूलची मोठी परंपरा आहे आणि ती फेकून द्यायची गोष्ट नाही. सावंतवाडीहून आलेल्या सावळाराम हळदणकरांचं दिवा हातात घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. १९४५-४६ चं, आणि पाहणाऱ्याला पटकन खरं वाटत नाही, पण ते जलरंगातलं आहे. बहुतेक चित्र अंधारात, उजेड मोजका, तोही बोटांआडून आलेला. तिथे हळदणकरांनी सगळी रक्कम अंधाराच्या बारकाव्यांवर घातली आहे. तुमच्या सरांना असं चित्र डोळ्यापुढे असेल तर त्यांची मागणी समजण्यासारखी आहे. फक्त दिव्याच्या चित्राचा नियम गच्चीला लावायचा नसतो. बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोरांनी जपानी चित्रकारांकडून वॉशची रीत घेतली, चित्र रंगवायचं, पाण्यात बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा रंगवायचं, आणि त्यातून धुक्यासारख्या जवळजवळच्या छटा काढल्या. त्या काळात मुंबईकरांना त्या चित्रांत जीव दिसत नसे आणि बंगाल्यांना मुंबईच्या चित्रांत. ते भांडण तुमच्या रविवारच्या क्लासपर्यंत पोचलंय एवढंच.

कडांबद्दल थोडं. तुम्ही प्रत्येक कपड्याला सगळीकडून रेघ घातली आहे. फिकट चित्रात रेघ हाच सगळ्यात मोठा डार्क होऊन बसतो. जिथे उन्हातली चादर उन्हातल्या कठड्याला भिडते तिथे कड सोडून द्या, दोघांना एकमेकांत जाऊ द्या. पाहणारा ती आपणहून जोडतो. उलट सदऱ्याची बाही जिथे आकाशापुढे येते तिथे कड धारदार ठेवा. पन्नास टक्के कडा हरवल्या तरी चित्र उभं राहतं. डोळे बारीक करून बघा; तेव्हाही जी कड दिसते तेवढीच रंगवायची.

चायनीज व्हाइट, म्हणजे डबीतला पांढरा रंग, वापरू का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण क्लासमध्ये कुणीतरी सुचवेलच. जलरंगात तो मिसळला की छटा वर जाते पण कागदाचा उजेड बंद होतो, पृष्ठभाग खडूच्या भुकटीसारखा होतो. दोरीवर पडलेली उन्हाची एखादी रेघ राखायची विसरली असेल तर तेवढ्यापुरता चालेल. कागद ३०० जीएसएमचा आणि खरंच पांढरा घ्या. तुमचा आत्ताचा कागद पिवळट आहे, म्हणजे तुमचा १ नंबर आधीच दीड आहे. छत असं खाली आलेलं परवडत नाही.

पेन्सिलीतही जमतं, आणि सरावाला तर ती जास्त चांगली. ४बी आणि ६बी घरात ठेवा, बरोबर एचबी आणि २एच घ्या. २एच दाबून ओढू नका, कागदाला चर पडते आणि ती पुसली जात नाही. पेन्सिल शेवटाकडे धरून, मनगट न टेकता, तिरक्या रेघांचे पातळ थर एकावर एक. आधी आकृतीची बाह्यरेषा काढायची सवय इथे आड येते, तेव्हा सावलीपासून सुरुवात करा. विषयाला लसणाचा एक गड्डा आणि त्याखाली पांढरा पंचा पुरे. लसणाचं साल सुकून कागदासारखं झालेलं असतं, त्यातून आतली पाकळी जरा गुलाबी दिसते, पेन्सिलीत तिला नेमकी कुठली छटा द्यायची यावर अर्धा तास जातो. फिकट रेषेत किती बोलता येतं हे बघायचं असेल तर नसरीन मोहम्मदींची रेखाटनं बघा. बडोद्याला शिकवत होत्या, १९९० मध्ये अलिबागजवळ किहीमला वारल्या. कोऱ्या कागदावर आखलेल्या बारीक रेषा, काही इतक्या हलक्या की छपाईत हरवतात. त्यांच्यासमोर माणसाला दोन पावलं पुढे यावं लागतं.

बिघडलेल्या चित्राचं काय करायचं? पेन्स ग्रेचा वॉश ओल्या स्पंजनं काढायला जाल तर थोडा निघेल, कागद मात्र केसाळ होईल आणि कठड्याचा चुना कायमचा जाईल. त्याला हात लावू नका. नवीन चित्र करताना ते समोर टेकवून ठेवा, मधूनमधून बघायला.

नवीन चित्र अकरा ते साडेबारा या वेळात करा. सूर्य त्या काळात बराच सरकतो, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत फक्त सावल्यांच्या कडा पेन्सिलीनं टिपून घ्या आणि नंतर त्या बदलल्या तरी ढुंकून पाहू नका. पॅड मांडीवर उन्हात धरू नका. कागदावर थेट ऊन पडलं की डोळे दिपतात, रंग आहे त्यापेक्षा उजळ वाटतो आणि हात नकळत गडद होतो. जिन्याच्या दारात, सावलीत बसा. डोक्याला काहीतरी बांधा. आणि आईंना आधीच सांगून ठेवा की दीड तास कपडे काढायचे नाहीत, निदान चादर तरी नाही, आणि तो निळा चिमटा जिथे आहे तिथेच राहू द्यायचा.